मस्कतला जाताना खसखस नेऊ नये

कोलशेत, ठाणे
सोमवार, ३० नोव्हेंबर १९८७

प्रिय शालनताई,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल, सांगा बरं? दगडाबाई! पाव्हण्यांच्या टॅक्सीने अजून कापूरबावडीचा नाकाही ओलांडला नसेल, आणि ही आमची शेजारीण माझ्या ओट्यावर येऊन बसलेली. नवं पातळ, केसांत अबोलीचा वळेसर, डोळ्यांत काजळ. मी म्हटलं, अगं, पाव्हणे माझ्याकडे येतायत की तुझ्याकडे? तर म्हणते कशी, माझा जावई दुबईला, पण मी अजून एक अरब जवळून बघितला नाही, म्हणून पुढची जागा धरून ठेवते. काल रविवार, त्यामुळे कोळीवाड्यातले सगळे घरीच. टॅक्सी थांबली ती रस्त्यावर सुकत घातलेल्या जवळ्याच्या अलीकडे, आणि त्यातून आमचे मस्कतचे खमीस नाखवा उतरले. पांढराशुभ्र पायघोळ झगा, डोक्याला वेलबुट्टीची टोपी आणि डोळ्यांना काळा चष्मा. मोतीबिंदू काढायला आलेत ना मुंबईला, आता पट्टी सुटलीय. मागून त्यांची बायको उम्म सालिम, हातात खजुराचा डबा. सगळी आळी दारात गोळा. आमचे हे तर सकाळपासून दोनदा आंघोळ करून, इस्तरीचा सदरा घालून, खांबासारखे उभे. तेवढ्यात उम्म सालिमने एक लांब श्वास घेतला, जवळ्याकडे बघितलं, हसली आणि नवऱ्याला काहीतरी बोलली. नाखव्यांनी हिंदीत सांगितलं, ही म्हणते की वास आमच्या घरासारखाच आहे. झालं! दगडाबाईने तिचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

तुम्ही याल असं मला वाटलं होतं. आमच्या लेकाच्या, परशुरामच्या हाती निरोपही धाडला होता. परशुराम म्हणाला, आत्येबाई (तो तुम्हाला अजून आत्येबाईच म्हणतो, चित्राच्या सासूला काय म्हणायचं ते त्याला कळत नाही), आत्येबाई म्हणाल्या, कपडे वाळत घातलेत. कपडे वाळत घातल्यावर माणसाने घरी का थांबावं ते मला कळलं नाही, पण जाऊ दे. रागावले नाही हो. दिवाळीच्या फराळाला मी डोंबिवलीला आले होते, तेव्हा चहा करता करता तुम्ही जे बोललात ते माझ्या कानात आहे. चित्राला जानेवारीत दुसरं मूल होणार. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मी मस्कतला गेले, तीन महिने राहून आले. आता दुसऱ्याला मान सासरचा. पण तुम्ही म्हणालात, भागीरथीताई, तुम्हीच जा परत, मला ना ती भाषा येत, ना विमान ठाऊक, त्या अरबांच्या देशात एकटी उतरू कशी? आणि पाठ फिरवून स्टोव्हला पिन मारत बसलात. स्टोव्ह चांगला पेटलेला होता, शालनताई. मी बघत होते.

मी बळजबरी करणार नाही. आपल्या दोन घरांचं लग्न जमलं तेव्हा आमच्या कोळीवाड्यातही कुजबुज झाली आणि तुमच्या चाळीतही झाली, तरी आपण दोघींनी कोणाचं ऐकलं नाही. तेव्हा कोणी सांगितलं म्हणून तुम्ही काही करणाऱ्यातल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी आपली तिथल्या चार गोष्टी सांगते. ऐकलेलं वाया जात नाही. सकाळपासून लिहायला बसलेय. मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत, त्यामुळे अक्षर लावून घ्या. मधेच कुठे वाकडं झालेलं दिसलं तर समजा की भात उतू जात होता.

पहिली गोष्ट, खसखस. मस्कतला जाताना खसखस नेऊ नये. चिमूटभरसुद्धा नाही. मला कुठलं माहीत? माझी लेक बाळंतीण होणार म्हणून मी डिंकाचे लाडू वळले, खारीक, खोबरं, गूळ, डिंक, आणि सढळ हाताने भाजलेली खसखस. मोठा डबा भरला, झाकणावर चिकटपट्टी लावली, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी दगडाबाई डोकावली. लाडू बघून तिने जी किंकाळी मारली, मला वाटलं डब्यात उंदीर आहे. त्या अरब देशांत खसखशीला अफूची बहीण समजतात म्हणे, तिच्या जावयाच्या दोस्ताला मसाल्याच्या पुडीत सापडली म्हणून दिवसभर चौकशीला बसवून ठेवलं होतं. आता करू काय? दगडाबाई म्हणाली, खसखस वेचून काढू. लाडवातून खसखस वेचायची! आम्ही दोघी परात घेऊन बसलोही, पण एका लाडवात हार मानली. मग आमच्या ह्यांनी डबा उचलला आणि आळीभर वाटून टाकला. बाळंतिणीचे लाडू, शालनताई, आणि ते खाल्ले सगळ्या म्हाताऱ्या नाखव्यांनी. काळुराम तांडेल सत्तरीचा, त्याने तर मागून खाल्ले. पुढे महिनाभर लोक त्याला विचारायचे, काय तांडेल, मुलगा की मुलगी? उजाडता उजाडता मी खसखशीशिवाय नवे लाडू वळले. आणि तिथे पोचल्यावर बघते तर खारकांचं, खजुरांचं इतकं पीक की मी इथून खारीक नेली ह्याचंच हसू आलं. तेव्हा नेणाऱ्याने डिंक न्यावा, खारीक नेऊ नये. बाळगुटीच्या मुळ्या न्यायच्या असतील तर डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घ्यावी. कस्टमवाल्याला ती मुळं बघून वाटतं, ही बाई जादूटोण्याला निघालीय.

कस्टमवाल्यावरून आठवलं. मी सुके बोंबील नेले होते. चित्राला डोहाळे बोंबलाचेच. प्लास्टिकच्या पाच पिशव्यांत गुंडाळून, वरून पत्र्याचा डबा. त्या माणसाने डबा उघड म्हटलं. मी म्हटलं, नको उघडायला सांगू. तो म्हणाला, उघड. मग उघडला. मागच्या रांगेतली गोरी मडम होती ती दोन पावलं सरकली. पण तो कस्टमवाला पिकल्या दाढीचा होता, त्याने वाकून वास घेतला, एक बोंबील उचलून उजेडात धरला, दुसऱ्या साहेबाला हाक मारून दाखवला, आणि मग इतक्या हळुवार हाताने डबा परत बांधून दिला की मी तसा कधी बांधला नव्हता. सुक्या मासळीला तिथे कोणी नाक मुरडत नाही. तिथले अर्धे लोक समुद्रावर जगलेले, आपल्यासारखे. तुमच्यासारखे नाही, तुम्ही डोंबिवलीच्या, पण माझ्या हातचे बोंबील तुम्ही तीनदा मागून खाल्लेत तेव्हा तुम्हीही त्यातच.

तुमच्या चाळीतले ते सखारामभाऊ तुम्हाला सांगतात ना, की एकटी बाई तिथे उतरली तर पोलीस धरतात, डोकं झाकलं नाही तर दंड होतो, आणि कोणाला हिंदी कळत नाही? सखारामभाऊ स्वतः कसाऱ्याच्या पुढे गेलेले नाहीत. मी गेलेय, माझं ऐका. व्हिसाच्या कागदाची कॉपी हातातल्या पिशवीत ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. खरा कागद तिथल्या विमानतळावर एका खिडकीवर ठेवलेला असतो, आधी त्या खिडकीवर जायचं, नाव सांगायचं, मग रांगेत लागायचं. मी आधी रांगेत लागले आणि मग खिडकीवर गेले, तेवढाच काय तो घोळ. पासपोर्टसाठी परकराला आतून खिसा शिवा, पण विमानात बसायच्या आधी तो हातात काढून घ्या. नाहीतर चारचौघांत परकराचा खिसा शोधत बसावं लागतं. मी कोणाचं नाव घेत नाही. विमानात कान बंद होतात, खडीसाखर चघळायची. विमान चढलं म्हणेपर्यंत उतरतं, डोंबिवलीहून नाशिकला पोचायला जास्त वेळ लागतो. आणि भाषा? तिथला दुकानदार आपल्या बाजारातल्या भाजीवाल्यापेक्षा बरी हिंदी बोलतो. आमचे खमीस नाखवाच बघा ना, तरुणपणी गलबत घेऊन मुंबईला यायचे, खजूर उतरवायचे, कौलं आणि लाकूड भरायचे. भाऊच्या धक्क्याची हिंदी ती, आमचे हे बोलतात तशीच, शिव्यांसकट.

लुगडं मी नेलं नाही. आमचं कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत, ते तिथे बरं दिसत नाही, म्हणून गोल पातळ नेसले, लांब बाह्यांचं पोलकं, रस्त्यात डोक्यावर पदर. तुम्ही तर नेहमीच पदर घेता, तुम्हाला काय वेगळं करायचंय? द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हाताने. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. शुक्रवारी सगळं बंद, आणि रोज दुपारीही दुकानं मिटलेली असतात, तेव्हा बाजार सकाळी नाहीतर संध्याकाळी. रोज्यांच्या महिन्यात दिवसा रस्त्यावर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मी गेले तेव्हा उन्हाळा होता, गार पाण्याचा नळ सोडला तर हात भाजला. गच्चीवरच्या टाकीत पाणी उकळतं, म्हणून आंघोळीची बादली रात्रीच भरून ठेवायची. पण डिसेंबर-जानेवारीत तसं नाही, संध्याकाळी शालही लागते म्हणे. कोणाच्या घरातली वस्तू छान आहे असं तोंडाने म्हणायचं नाही! मी उम्म सालिमच्या पितळी डावाला छान म्हटलं, तिने तो धुऊन पुसून माझ्या हातात दिला. मी नको म्हणते, ती घे म्हणते. तो डाव आता माझ्याकडे आहे, आमटीला तोच. आणि कॉफी. कानाशिवायचा एवढासा पेला असतो, तळाला दोन घोट. संपला की भरतात. मी पाहुणी, नाही कसं म्हणायचं म्हणून पीत गेले, ती भरत गेली, मी पीत गेले. शेवटी रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या आनंदाने मला सांगितलं, आई, पेला असा दोन बोटांत धरून हलवायचा, म्हणजे पुरे झालं असं समजतात. जावई, पण मला आईच म्हणतो तुमचा मुलगा. हे वळण तुमचं.

आता नारळाचं सांगते, म्हणजे ही माणसं आमची कशी झाली ते कळेल. चित्राचा मिलिंद होऊन आठ-दहा दिवस झाले आणि नारळी पुनव आली. कोळीण कुठेही असो, त्या दिवशी समुद्राला नारळ द्यायचा. मी इथूनच नेला होता, बॅगेत कपड्यांत गुंडाळून. आनंदा कामावरून आला, एसीच्या कामाचे काळे हात धुतले, आणि मला बंदरावर घेऊन गेला. मत्रा म्हणतात त्या भागाला, डोंगर पाठीशी, पाणी पायाशी, आणि पाणी कसं, तर तळ दिसेल असं. आमच्या खाडीत आपलाच हात दिसत नाही. मी हळद-कुंकू वाहिलं, आमच्या ह्यांचं, परशुरामचं, सगळ्या होड्यांचं नाव घेतलं, नव्या बाळाचं घेतलं, आणि नारळ पाण्यात सोडला. तर एका होडीतून एक म्हातारा वल्हवत आला, नारळ उचलला, माझ्या हातात आणून दिला आणि म्हणाला, माँजी, आपका नारियल गिर गया. मी म्हटलं, शुक्रिया. तो गेला. मी परत सोडला. तो परत आला! म्हणाला, हवा उलटी है, सँभाल के रखो. बिचारा घामाघूम. आनंदा तिकडे कठड्यावर हसून हसून असा बसलेला की त्याच्याने एक शब्द बोलवेना. मी तिसऱ्यांदा सोडला, म्हातारा तिसऱ्यांदा वल्हं उचलतोय, एवढ्यात पायरीवर मासे साफ करत बसलेली एक बाई उठली आणि नवऱ्यावर अशी ओरडली, की भाषा कळली नाही तरी शब्द न् शब्द कळला. बायकोचं ओरडणं सगळीकडे सारखंच. मग ती माझ्याजवळ येऊन बसली. तिने आधी नारळाकडे बोट दाखवलं, मग समुद्राकडे, मग नवऱ्याच्या होडीकडे, आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी मान हलवली. तीच उम्म सालिम, आणि तो म्हातारा खमीस नाखवा. आपली माणसं पाण्यावर जातात त्यांच्यासाठी काय करायचं असतं, ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती राहते आनंदाच्या बिल्डिंगच्या मागच्याच गल्लीत. चित्राची खोली मग तिने स्वतःच्या घरासारखी सांभाळली.

तर असे ते पाव्हणे, काल माझ्या ओट्यावर. जेवायला मी जिताड्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोऱ्या केलेल्या. उम्म सालिम खाली मांडी घालून जेवली, चिंबोरी अशी फोडली की आळीतल्या बायका बघत राहिल्या. नाखव्यांना ह्यांनी खाडीवर नेलं. नाखवा एका डोळ्याने खाडी बघून म्हणाले, पाणी कुठंय? ओहोटी होती ना, नुसता चिखल. आमचे हे म्हणाले, थांबा, सहा तासांनी येईल. दोघं तिथेच जाळ्यावर बसून राहिले, पाण्याची वाट बघत. जाळ्याचा डोळा किती बोटांचा, ह्यावर भांडलेही म्हणे. आलं पाणी, तेव्हा उठले.

आणि इकडे उम्म सालिमने मला पहिलं काय विचारलं असेल? उम्म आनंद कुठंय? आधी तुम्हाला हे सांगायचंच राहिलं. तिथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, उम्म म्हणजे आई. ती सालिमची आई म्हणून उम्म सालिम. मला तिथे सगळे उम्म चित्रा म्हणायचे, मुलीच्या नावाने हाक मारतात का कोणास ठाऊक, पण त्यांनी माझ्यासाठी काढलं. आणि तुम्हाला म्हणतात उम्म आनंद. दूधवाला म्हणतो, खालचा शिंपी म्हणतो, आनंदाने सगळ्यांना तुमचं सांगून ठेवलंय, की माझी आई आयुष्यभर बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती, डोंबिवलीतली अर्धी पोरं तिच्या हातांतून घरी गेली. तुम्ही त्या गावाला कधी गेला नाहीत, पण तुमचं नाव तिथे दोन वर्षांपूर्वीच पोचून राहायला लागलंय. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तुम्ही लग्नात दिलेला, त्याच्या शेजारी माझी एकवीरा. आणि तिसरा खिळा आनंदाने मोकळा ठेवलाय. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, आई आली की तिचा आणि पोराचा फोटो काढणार, तो लावायला.

या पाकिटात एक लाल दोरा आहे, तो हरवू नका. उम्म सालिमला पोरासाठी इथल्या कापडाचा झगा शिवायचाय, म्हणून तिने त्याला उभा करून दोऱ्याने मापून आणलंय, टाचेपासून टाळूपर्यंत. मी तेवढाच दुसरा दोरा तोडून घेतला. एक टोक जमिनीला लावा आणि दुसरं वर धरा, म्हणजे तो तुमच्या कुठवर येतो ते कळेल. माझ्या मांडीच्या वर आला, मी सकाळपासून तीनदा धरून बघितलं. आमचे हे म्हणाले, आता दोऱ्याला जेवायला वाढ. मी निघाले तेव्हा हा दोरा माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत मावला असता, शालनताई. पोरं थांबत नाहीत, आपण कपडे वाळत घालेपर्यंत ती चालायला लागतात. सध्या तो सगळ्या बायकांना आजी म्हणतो म्हणे, उम्म सालिमला आजी, दूधवाल्याच्या बायकोला आजी. कोण खरी ते त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

आता खरं सांगते, कशासाठी एवढं लिहिलं ते. दिवाळीनंतर मी ठाण्याच्या तारघरातून आनंदाला फोन लावला आणि म्हटलं, तिकीट माझ्या नावाने काढू नकोस. मला जायचं नव्हतं असं समजू नका, माझं मन तर आत्ताही त्या पायऱ्यांवर जाऊन बसलंय, आणि तिकिटावर माझं नाव असतं तर हे पत्र लिहायच्या ऐवजी मी लाडू वळत बसले असते. पण पोराला आज्या दोन आहेत. एकीच्या कुशीत तो तीन महिने झोपला, आता दुसरीचीही कूस त्याला मिळायला हवी. शिवाय पहिल्या वेळी चित्राला कळा सुरू झाल्या तेव्हा मी धीर देण्याऐवजी दाराशी बसून रडत होते, हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल. या वेळी तिला रडणारी नको, हात धरणारी हवी, तिनेच तसं मागितलंय. काल खजुराचा डबा रिकामा करताना उम्म सालिमने तळातून पाकीट काढलं. व्हिसाची कॉपी आणि विमानाचं तिकीट, दोन्हींवर तुमचं नाव, आणि विमान तेच ज्याने पाव्हणे परत जाणार. पासपोर्ट आनंदाने तुमच्याकडून करून घेतलेला आहेच, ट्रंकेत वरच्या बाजूला, मी दिवाळीत बघितलाय. आनंदाला चार तारीख हवी होती. मी म्हटलं, तुझी आई सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर डोकं टेकवल्याशिवाय कुठेही हलायची नाही, पुढची तारीख घे. खिडकीवर उम्म सालिम तुमचं नाव सांगेल, बोलायला खमीस नाखवा आहेत, आणि विमानात तुमची जागा त्या दोघांच्या मधली, म्हणजे घाबरलात तर दोन्हीकडे धरायला हात. पण नकोच असेल तर दोरा परत पाठवा, मी काही बोलणार नाही, तिकीट आनंदा फिरवून घेईल. यायचं असेल तर नऊ तारखेला, बुधवारी संध्याकाळी बॅग घेऊन कोलशेतला या, रात्री तुमच्यासमोर बसून लाडू वळीन, खसखशीशिवाय. मी उम्म सालिमला चारदा सांगितलं की मुंबईहून परस्पर विमानतळावर जा, इकडे वळसा कशाला, पण ती ऐकेना, म्हणाली, उम्म आनंदला मी स्वतः दारातून घेऊन जाणार. दहा डिसेंबर, गुरुवार, सकाळी नऊला टॅक्सी घेऊन परत येतो, असं दोघंही सांगून गेलेत.

तुमची विहीण आणि त्याहून जास्त तुमचीच,
भागीरथी